मंडळीबाहेर तारण नाही काय?

सुरतेच्या डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत कापडधंद्याच्या आधाराने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. अशा वस्तीत सेवा करणाऱ्या प्रचारकापुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. एखादा गृहस्थ वर्षानुवर्षे शुभवर्तमान वाचतो, प्रभु येशूच्या नावाने प्रार्थना करतो, पण बाप्तिस्मा घेत नाही. आणि तसाच मरण पावतो. त्याच्या विधवेला पाळकाने काय सांगावे?

आपल्याकडे याची दोन ठराविक उत्तरे आहेत. एक पक्ष कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या नावाने सांगतो की, मंडळीबाहेर तारण नाही. दुसरा पक्ष रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या ‘देवाच्या दरबारा’कडे बोट दाखवून म्हणतो की, ख्रिस्त पुरे, मंडळी नको. दोघांनीही आपापला साक्षीदार नीट तपासलेला नाही, असे आमचे मत आहे.

सिप्रियनाचे ते वचन इ. स. २५६ च्या सुमारास यूबायानस नावाच्या बिशपास लिहिलेल्या पत्रातले आहे. वाद होता तो फुटून निघालेल्यांनी दिलेल्या बाप्तिस्म्याचा. म्हणजे ते शब्द मंडळी फोडणाऱ्यांना उद्देशून होते, दारात उभे राहिलेल्यांना नव्हे. त्याच पत्रात, अगदी पुढल्याच परिच्छेदात, बाप्तिस्म्यापूर्वी विश्वासासाठी प्राण देणाऱ्या शिक्षणार्थींचा बाप्तिस्मा त्यांच्या रक्तानेच झाला, असे तो मान्य करतो, आणि वधस्तंभावरील चोराचा दाखला देतो. वचन पाठ करणाऱ्यांनी एवढे एक पान उलटले असते, तर पुष्कळ कठोर भाषणे टळली असती. पुढे ३९२ साली सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची इच्छा बाळगून पण बाप्तिस्म्याविना मरण पावला, तेव्हा मिलानच्या अँब्रोजने अंत्यविधीच्या भाषणात त्याच्या बहिणींचे सांत्वन केले ते याच आधारावर, की ज्याने मागितले त्याला मिळाले. विधवेच्या प्रश्नाचे हे जुने आणि पाळकाने दिलेले उत्तर आहे.

आता टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी संसार मोडण्याची पाळी आली. १९१७ साली ते अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीतून मोकळे झाले आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसविणारा दरबार त्यांनी उभारला. त्यांनी मिशनचा पगार सोडला. बाप्तिस्मा सोडला नाही. त्यांचे भांडण मिशन कंपाउंडशी होते. ख्रिस्ताकडे येणे म्हणजे स्वजन, पेहराव, भजन, सारे टाकून परक्यांच्या आवारात राहावयास जाणे, हा जो अर्थ रूढ झाला होता तो त्यांना असह्य झाला. आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. आमच्यापैकी कित्येकांनी सार्वत्रिक मंडळी आणि मिशनचे कुंपण यांत आजवर फरक केलेला नाही.

परंतु दरबाराला मंडळीचा पर्याय समजणाऱ्यांनी त्याचा शेवटही पाहावा. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एका थोर माणसाच्या प्रेमावर उभी राहिलेली संगत त्याच्यामागे अनाथ झाली.

‘स्मृतिचित्रे’ आम्हांला या बाबतीत पुष्कळ धर्मशास्त्रीय निबंधांहून अधिक शिकविते. लक्ष्मीबाईंनी जातिभेद देवाने केलेला नाही हे ओळखून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला, तो बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा झाला १९०० साली. कृपेने काम कधी सुरू केले? मंडळीच्या नोंदवहीतील तारखेला खचित नव्हे. पण मग ती तारीख व्यर्थ होती काय? लक्ष्मीबाईंना तसे वाटले नाही. कर्नेल्याच्या घरी हाच क्रम दिसतो: पवित्र आत्मा आधी उतरला, आणि म्हणूनच पेत्राने पाणी नाकारले नाही. आत्मा मिळाला, आता पाणी कशाला, असेही तो म्हणाला नाही.

गुजरातेत हा प्रश्न आणखी एका कारणाने तीव्र होतो. तेथील २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यान्वये धर्मांतराचा विधी करणाऱ्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. बाप्तिस्म्याची नोंद हीच तारणाची अट मानली, तर देवाची कृपा सरकारी कचेरीतील अर्जाबरोबर खोळंबून राहते, असे म्हणणे प्राप्त होईल. असे म्हणण्याचे धाडस सिप्रियनाच्या नावाने बोलणारा कोणी करील, असे आम्हांस वाटत नाही. उलट, परवानगीची कटकट नको म्हणून मंडळीच नको, हे म्हणणे सोयीचे आहे, इतकेच.

तेव्हा त्या विधवेला प्रचारकाने अँब्रोजप्रमाणे निर्भयपणे धीर द्यावा. तिच्या पतीचे तारण ख्रिस्ताच्या हाती आहे, पंचकमिटीच्या हाती नाही. पंचकमिटीने मात्र स्वतःला विचारावे की, तो इतकी वर्षे एकटाच प्रार्थना करीत असता आपल्यापैकी कोण त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि पुढल्या रविवारी त्याच्या मुलांकडे कोण जाणार आहे.