हात कोठे उचलावा? वक्तृत्वातील हावभाव आणि मराठी वाक्याची घडण

वक्तृत्वस्पर्धेच्या गुणपत्रिकेत विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, आवाज असे रकाने असतात आणि बहुधा शेवटी हावभावांचा एक रकाना असतो. ह्या शेवटच्या रकान्यातील गुण नेमके कशाबद्दल द्यावयाचे, ह्याविषयी परीक्षकांत क्वचितच एकवाक्यता आढळते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांत होणाऱ्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास वारंवार आला. तेथे जे पाहिले व ऐकले त्यावरून एक विधान करावेसे वाटते. आपण विद्यार्थ्यांना जे हावभाव शिकवितो ते मराठी वाक्याच्या घडणीशी विसंगत आहेत. आणि ज्या मुलांच्या घरच्या बोलण्यात हात व वाक्य ह्यांची संगती मुळातच असते, त्यांची ती संगती आपण शिक्षणाच्या नावाखाली मोडून टाकतो.

स्पर्धेतील भाषणाची एक ठरीव चाल आहे. ती शहापुरात आहे तशीच मुरबाडात आहे आणि पुण्यामुंबईतही फारशी वेगळी नाही. वक्ता वाक्याचा प्रारंभ मध्यम स्वरात करतो, शब्दागणिक स्वर चढवीत नेतो आणि शेवटच्या ‘आहे’वर किंवा ‘पाहिजे’वर तो सर्वांत वर पोचतो. त्याच क्षणी उजवा हात वर जातो, तर्जनी ताठ होते, आणि टाळी पडते. आता ह्या वाक्यात सर्वांत कमी अर्थ कोणत्या शब्दात आहे, असे विचारले तर भाषेचा कोणताही विद्यार्थी ‘आहे’कडेच बोट दाखवील. म्हणजे आवाजाचे शिखर, हाताचे शिखर आणि अर्थाचा तळ ही तिन्ही एकाच जागी आलेली असतात.

हे का घडते, ह्याचे उत्तर मराठीच्या पदक्रमात आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अंती येते आणि ज्या पदावर भर द्यावयाचा ते क्रियापदाच्या लगेच आधी बसते. ‘धरण आमच्या तालुक्यात आहे, पाणी मात्र मुंबईला जाते’ ह्या वाक्यातील वजनाची पदे ‘तालुक्यात’ आणि ‘मुंबईला’ ही होत. (उदाहरण मुद्दामच घेतले आहे. तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात असून त्यांचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे सर्वांस ठाऊक आहे.) ‘आहे’ व ‘जाते’ ही क्रियापदे येथे केवळ वाक्य पुरे करतात, स्वर त्यांच्यावर उतरावयास हवा. इंग्रजीत उलट स्थिती आहे. तेथे वाक्यातील मुख्य आघात बहुधा शेवटच्या अर्थवाही शब्दावर पडतो. म्हणून वाक्य चढवीत नेऊन अखेरीस ठोसा द्यावा, हा उपदेश इंग्रजीत पुष्कळ वेळा खपून जातो. मराठीत तो पाळला की ठोसा पोकळीत बसतो.

ह्याला अपवाद आहे आणि तोही बोधप्रद आहे. ‘टँकरच येत नाही’ आणि ‘टँकर येतच नाही’ ह्या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. ‘च’ची जागा तेवढी बदलली आहे. पहिल्यात भर टँकरवर आहे, म्हणजे दुसरे काही येत असेलही. दुसऱ्यात येण्यावरच आहे. दुसऱ्या वाक्यात स्वर क्रियापदावर चढला तर ते योग्यच होय. मराठीत शब्दातील आघाताने अर्थभेद होत नाही; भर दाखविण्याचे काम ‘च’, ‘तर’, ‘ही’, ‘मात्र’ ही अव्यये, पदक्रम आणि सुरावट ह्यांच्याकडे आहे. हाताला वेळ सांगणारी खूण तेथे आहे. ‘च’ ज्या पदाला लागला त्या पदावर हात पडला तर तो वाक्याचा भाग होतो, एरवी तो वाक्याला चिकटविलेला राहतो.

हा विचार नवा नाही. रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियनने आपल्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात हातांच्या हालचालींचे बारकाईने वर्णन केले असून, हाताची हालचाल विचाराबरोबर सुरू व्हावी आणि विचाराबरोबरच थांबावी, असे म्हटले आहे. आधुनिक काळात डेव्हिड मॅक्नील ह्यांनी १९९२ साली ‘हँड अँड माइंड’ ह्या ग्रंथात सहज बोलण्यातील हातवाऱ्यांच्या निरीक्षणावरून असे दाखविले की, हातवाऱ्याचा मुख्य टप्पा उच्चारातील आघाताच्या किंचित आधी किंवा त्याच्याबरोबर येतो. त्याच्यामागून येत नाही. स्पर्धेतील पाठ केलेल्या भाषणात मात्र हात हटकून मागून येतो. ‘क्रांती’ हा शब्द उच्चारून झालेला असतो, मग वक्त्याला आठवते, आणि मूठ वर जाते. श्रोत्यांना कारण सांगता येत नाही. पण काहीतरी खोटे आहे एवढे त्यांना त्या क्षणी कळते.

आपल्याकडील नाट्यशास्त्राची ह्या बाबतीतील सूक्ष्मता तर आजही उपयोगी पडण्यासारखी आहे. भरताने पाठ्याचे गुण सांगताना उर, कंठ व शिर ही तीन स्थाने मानली आणि दूरच्या माणसाशी बोलताना शिराचे, फार दूर नसलेल्याशी कंठाचे व जवळच्याशी उराचे स्थान वापरावे, असे सांगितले. ध्वनिवर्धक आल्यापासून व्यासपीठावरचा वक्ता प्रत्येक श्रोत्याच्या कानाशी बसला आहे. तरीही आपले स्पर्धक शिरस्थानातूनच ओरडतात, जणू मधे शेताचे चार बांध आहेत. भरताने काकूचे साकांक्ष व निराकांक्ष असे दोन भेद केले. अर्थ पुरा व्हावयाचा असेल तेथील स्वर निराळा आणि पुरा झाला असेल तेथील निराळा. प्रत्येक वाक्य शेवटी चढविणारा वक्ता सगळीच वाक्ये साकांक्ष करून ठेवतो. त्याचे कोणतेच म्हणणे संपत नाही, आणि ऐकणारा थकतो. विरामांचीही तीच दुर्दशा असते. विराम विषयपदानंतर किंवा भराच्या पदाआधी यावयाचा, तो श्वास संपेल तेथे येतो.

ह्या विषयावरील प्रचलित मार्गदर्शनाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. भाषणाच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के, हे आकडे शिबिराशिबिरांतून फळ्यावर लिहिले जातात. त्यांचा उगम अल्बर्ट मेहराबियन ह्यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांत आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, आणि एकात त्यांच्या जोडीला चेहऱ्याची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढेच विचारले होते. हे समीकरण भावना व वृत्ती ह्यांच्या संदेशापुरतेच आहे, असा खुलासा मेहराबियन ह्यांनी स्वतःच केलेला आहे. त्यावरून भाषण म्हणजे ९३ टक्के अविर्भाव असा निष्कर्ष काढणे हे विज्ञान नव्हे. तसे असते तर अनोळखी भाषेतील व्याख्यान आपणांस जवळजवळ सगळेच समजले असते! ह्या आकड्यांनी केलेली हानी अशी की, हावभाव हे शब्दांपासून अलग काढून शिकविता येणारे द्रव्य आहे, अशी समजूत रूढ झाली.

शब्दावाचून बोलणारे हातही असतात, पण त्यांची जात वेगळी. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवितात. तेथे अमुक बोटे म्हणजे अमुक रक्कम असा संकेत आहे, म्हणजे ती भाषाच आहे. म्हशाच्या यात्रेतील बैलबाजारामुळे मुरबाडकरांस हा व्यवहार परका नाही. व्यासपीठावरील वक्त्याच्या हातवाऱ्यांना असा कोश नाही. त्यांना अर्थ येतो तो वाक्यातून, आणि म्हणून वाक्य चुकले की हातही चुकतो.

मराठीतील खरोखर समर्थ वाणी ऐकावयाची तर गाडगेमहाराजांच्या १९५६ सालच्या वांद्रे येथील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण ऐकावे. तेथे देह दिसत नाही, तरी देहाची उपस्थिती जाणवते. महाराज प्रश्न टाकतात, थांबतात, समुदाय उत्तर देतो, त्या उत्तरावर पुढचे वाक्य उभे राहते. विराम येथे अलंकार नसून श्रोत्यांसाठी राखलेली जागा आहे. भाषा वऱ्हाडी वळणाची, वाक्ये आखूड, आणि स्वर शेवटी उतरणारा. स्पर्धेच्या गुणपत्रिकेवर ह्या वक्त्याचे उच्चारांचे गुण कापले गेले असते.

येथेच शहापूर-मुरबाडचा प्रश्न सुरू होतो. ह्या तालुक्यांतील महाविद्यालयांत येणारी पुष्कळ मुले कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ह्या समाजांतील आहेत आणि त्यांतील कित्येकजण घरातील पहिलेच पदवीचे विद्यार्थी आहेत. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले की गुण जातात, हे त्यांना शाळेतच कळलेले असते. उच्चाराच्या धास्तीने ती भाषण पाठ करतात. पाठ केलेल्या भाषणाबरोबर पाठ केलेले हात येतात. हीच मुले मंडपाबाहेर आपसांत बोलताना पाहावीत. ‘धरन आमच्यात, पानी मुंबयला’ असे वाक्य त्यांच्या तोंडी सहज येते. क्रियापद गळून वाक्य वजनाच्या पदावर थांबते, आणि हात त्याच पदावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. ‘आलाच नाही टँकर’ ह्या रचनेत भराचे पद पुढे येते आणि कर्ता उतरत्या स्वरात मागून येतो. बोलीची ही पदरचना प्रमाण मराठीतही पूर्णतः शुद्ध आहे. केवळ निबंधाच्या वहीत ती लिहिली जात नाही, म्हणून व्यासपीठावरही ती वर्ज्य मानली गेली.

स्पर्धांमुळे बुजऱ्या मुलांना उभे राहण्याचे धैर्य येते, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद मला मान्य आहे. प्रमाणभाषा यावी, हेही मान्य. पण ‘ण’चा उच्चार शिकविताना मुलाची सुरावट बदलण्याचे कारण नाही, ती दोन वेगळी अंगे आहेत आणि भाषाशास्त्राच्या अध्यापकांनी तरी त्यांची गल्लत करू नये.

ह्यात केवळ ढालचषकाचा प्रश्न गुंतलेला नाही. शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ चा पेसा कायदा व महाराष्ट्राचे २०१४ चे नियम ह्यांनी ग्रामसभेला बरेच अधिकार दिले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्यांची सुरुवातही ग्रामसभेतूनच केली आहे. म्हणजे आज पाड्यावरच्या माणसाला सार्वजनिक रीत्या बोलावे लागते, ते जमीन व पाणी ह्यांसाठी. ह्या जिल्ह्याला तशी परंपराही आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास भरलेल्या किसान सभेच्या अधिवेशनाला वारली शेतकरी गेले होते आणि त्यांच्यातील माणूस तेथे बोलला, हे गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० च्या ग्रंथाच्या वाचकांस आठवेल. त्यांना कोणी हावभाव शिकविले नव्हते. आज मात्र ग्रामसभेत असे दृश्य दिसते की, पदवीधर तरुण उठतो, ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून प्रारंभ करतो, ‘आहे’ ‘आहे’ वर बोट उगारतो, आणि ग्रामपंचायत अधिकारी शांतपणे कागद चाळीत राहतो. मग मागून एखादी बाई बसल्या जागेवरून दोन वाक्ये बोलते, तिचा तळहात ‘च’वर उघडतो, आणि कागद चाळणारा हात थांबतो.

गुणपत्रिकेतील हावभावांचा स्वतंत्र रकाना काढून टाकावा, असे माझे मत आहे. त्याच्या जागी परीक्षकांनी वक्त्याची पाचच वाक्ये निवडावी, प्रत्येकात भर कोणत्या पदावर असावयास हवा होता ते लिहावे, आणि स्वर व हात त्या पदावर पडले की नाही, एवढे नोंदवावे. भ्रमणध्वनीवरील चित्रमुद्रणाने हे काम आता कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्यास करता येईल, आणि शहापूर-मुरबाडच्या स्पर्धांइतकेच तेथील ग्रामसभांचेही, सभेची संमती घेऊन, असे मुद्रण झाले तर तुलनेला साहित्य मिळेल.