दासाचे रूप आणि येसकराची काठी

गेल्या वर्षी पवित्र गुरुवारी मी आत्याच्या गावच्या चर्चमध्ये बसलो होतो. आमच्या भावकीतील काही घरे बौद्ध, काही ख्रिस्ती. आजोबांनी १९५६ नंतर धम्म स्वीकारला; आत्या लग्न होऊन ख्रिस्ती घरात गेली. त्या संध्याकाळी फादरांनी बारा जणांचे पाय धुतले आणि ‘सेवकाचे नम्र अंतःकरण’ या विषयावर प्रवचन केले. लोक उठले. पाण्याची परात तिथेच राहिली. ती उचलली आत्याने. वीस वर्षे ती ते चर्च झाडते. त्या बारा जणांत ती कधी बसलेली नाही. स्त्रियांचे पाय धुण्यास पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली अधिकृत मोकळीक दिली. ती आत्यापर्यंत पोचायची आहे.

घरी येताना ती म्हणाली, “भाऊ, तुझा आजा तरणा असताना रात्रंदिस गावाचं काम करायचा. त्याला कुणी नम्र म्हणलं नाही. येसकर म्हणले.”

या एका वाक्याची दखल ख्रिस्ती नम्रतेच्या शिकवणीने घेतली पाहिजे, असे मला वाटते. मी ख्रिस्ती नाही. पण हा प्रश्न एका धर्माचा नाही. ज्याला नम्रता शिकवली जाते त्या माणसाचा आहे.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचे स्थान धरून ठेवले नाही, त्याने दासाचे रूप घेतले. मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ गुलाम असा आहे. मराठीत ‘दास’ म्हटले की त्याला भक्तीची झळाळी चढते. ज्याच्यापाशी जमीन आहे, विद्या आहे, तो स्वतःला देवाचा दास म्हणवतो तेव्हा त्याचे काही जात नाही; उलट एक अलंकार वाढतो. आमच्याकडे दास्य हे रूप नव्हते, वतन होते. येसकराने हातात काठी घेऊन वेशीवर थांबायचे, सरकारी माणसापुढे धावायचे, मेलेली ढोरे ओढायची, मयताचा सांगावा गावोगाव पोचवायचा आणि संध्याकाळी भाकरी मागायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. पौलाचा ख्रिस्त उंचावरून खाली आला. माझा आजोबा खालीच जन्मला होता. त्याला आणखी किती खाली उतरवायचे?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या काळी पाहुण्याचे पाय धुणे हे घरगुती गुलामाचे काम होते. म्हणजे त्या गुलामाला निदान शिवता येत होते. आजोबाला गावातल्या कोणाचे पाय धुण्याचीही मुभा नव्हती. गावगाड्याने आमची सेवा घेतली आणि स्पर्श नाकारला. म्हणून योहानाच्या तेराव्या अध्यायात आम्हांला जे हादरवते ते सेवा करणे नव्हे. सेवेत मुरलेल्या माणसाला सेवेचे कौतुक कसले? हादरवतो तो स्पर्श. वरच्याने खालच्याच्या मळलेल्या पायाला हात लावला, ही त्या प्रसंगातील क्रांती आहे. प्रवचनकार नेमके हेच सोडून देतात आणि नम्रता तेवढी हाती ठेवतात.

मालकांनी या नम्रतेचा कसा उपयोग केला, याला इतिहास साक्षी आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून सुटले त्या निर्गमाच्या पुस्तकाचा बहुतेक भाग तीत गाळलेला होता. अमेरिकन कृष्णवर्णीय विचारवंत हॉवर्ड थर्मन यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात आजीची आठवण दिली आहे. ती गुलामीत वाढलेली. मालकाचा पाद्री गुलामांना पौलाची आज्ञाधारकतेची वचने ऐकवी. म्हणून सुटका झाल्यावर तिने नातवाला पौलाची पत्रे वाचू दिली नाहीत. प्रेमावरचा एक अध्याय तेवढा चाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने केलेली ही समीक्षाच होय. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केली, तेव्हा हे नाते त्यांनी ओळखलेच होते.

आपल्याकडे हा प्रश्न धर्मशास्त्राच्या अंगणात नेला तो अरविंद निर्मळ यांनी. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानातून दलित धर्मशास्त्राच्या चर्चेला तोंड फुटले. निर्मळांचा देव सेवक आहे. झाडूवाल्याच्या, मोलकरणीच्या कामात देव ओळखायला तुम्ही तयार आहात काय, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. त्यामागचे धैर्य मला मान्य आहे. ज्याची सावली विटाळ मानली त्याच्या रूपात देव पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही माझा आक्षेप आहे. देव झाडू मारतो असे म्हटल्याने झाडू पवित्र होतो. झाडणारीच्या हातातून तो सुटत नाही. दास्याला देवपण दिले की दास्य सोडण्याची घाई उरत नाही. मात्र याला उतारा निर्मळांच्याच लेखनात आहे. अनुवादातील जुन्या कबुलीजबाबाचा आधार घेऊन ते दलितांनी आपल्या पूर्वजांचे दुःख आठवावे असे सांगतात. त्या कबुलीत पूर्वजाची भटकंती आहे, मिसरातील छळ आहे, आणि शेवटी सुटकाही आहे. निर्मळांचा सेवक-देव या सुटकेच्या उजेडात वाचला पाहिजे. एरवी तो येसकराची काठी पुन्हा आमच्याच हाती देईल.

योहानाचे शुभवर्तमान नीट वाचले तर तेही हेच सांगते. पाय धुण्याआधी येशूला आपण कोठून आलो आणि कोठे जाणार हे ठाऊक होते, असे तिथे नमूद आहे. आधी स्वतःची ओळख, मग वाकणे. आणि दोन अध्यायांनंतर तो शिष्यांना सांगतो की, यापुढे मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. सेवकाच्या अंतःकरणावरचे प्रवचन तेराव्या अध्यायात थांबते, पंधराव्यापर्यंत येत नाही. आमचे भांडण आहे ते या थांबण्याशी.

हे भांडण पोथीपुरते नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. माझ्या आतेभावाची जात गावाला ठाऊक आहे, कागदाला ठाऊक नाही. त्याने अर्ज केला, मोर्चात गेला, की त्याला सहनशीलता आणि विनय यांची आठवण करून दिली जाते. हक्क मागणे हा गर्व ठरतो. मग नम्रता हे मूल्य राहत नाही, तोंडावर ठेवलेला हात होतो.

नम्रतेला माझा नकार नाही. शिकलेल्या आम्हां मास्तरांना तिची फार गरज आहे. मीही त्या संध्याकाळी बाकावरून उठलो नव्हतो, परात आत्याने नेली तेव्हा नुसता पाहत होतो. पण नम्रता खुर्चीवर बसलेल्याने आधी शिकावी. ज्याची पाठ पिढ्यान्‌पिढ्या वाकवली, त्याला आधी ताठ उभे राहू द्या. तो उभा राहिला आणि मग आपल्या मर्जीने कुणासाठी वाकला, तर त्या वाकण्याला सेवा म्हणता येईल.

येत्या पवित्र गुरुवारी मी पुन्हा जाणार आहे. आत्या त्या बारा जणांत बसते की नाही आणि परात कोण उचलतो, एवढेच मला पाहायचे आहे. निदान या वेळी मी बसून राहणार नाही.