भिंत हरवलेलं चित्रशिक्षण

बेंगळुरूच्या इंदिरानगरात कर्नाटक संगीत शिकायला बसलेलं सहा-सात वर्षांचं मूल पहिल्या दिवशी जे गातं, ते जवळपास पाचशे वर्षांपूर्वी ठरून गेलेलं आहे. मायामाळवगौळ राग, आदिताल आणि त्यात चढत-उतरत जाणाऱ्या सरळे वरसे. मग तेच स्वर जोडीजोडीनं घेणाऱ्या जंटी वरसे. मग सात तालांतले अलंकार. आणि त्यानंतर मलहरी रागातली छोटी पिळ्ळारी गीतं, ज्यांची सुरुवात गणपतीपासून होते. हा क्रम पुरंदरदासांनी घालून दिला असं परंपरा मानते. त्यांचा काळ १४८४ ते १५६४ धरला जातो. इंदिरानगर संगीत सभेचं सभागृह ‘पुरंदर भवन’ म्हणून ओळखलं जातं, ते त्यांच्याच नावानं. त्यांचा जन्म पुरंदरगडाच्या पायथ्याशी झाला की कर्नाटकातल्या मलनाडात, हा वाद मिटलेला नाही. पण पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ अशी मुद्रा घालणारा हा संतकवी मराठी माणसाला परका वाटत नाही. त्याच्या क्रमाकडे मात्र भक्तिभाव बाजूला ठेवून, निव्वळ शिक्षणपद्धती म्हणून पाहायला हवं. कारण कलाशिक्षणात संस्कृती, अध्यात्म, समाज आणि परिसर यांची सांगड घालावी, असं आज धोरणांपासून शाळांच्या माहितीपत्रकांपर्यंत सगळीकडे म्हटलं जातं, आणि ती सांगड प्रत्यक्षात कशी बसते याचा भक्कम पुरावा याच उपनगरात रोज संध्याकाळी ऐकू येतो.

मायामाळवगौळ म्हणजे आपल्या भैरव थाटाचे स्वर. त्याचं पूर्वांग आणि उत्तरांग एकाच घडणीचं आहे: षड्जापासून कोमल रिषभ जितका जवळ, तितकाच पंचमापासून कोमल धैवत, रिषभ ते गंधार जेवढी उडी, तेवढीच धैवत ते निषाद. मुलाच्या गळ्याला जवळचं आणि लांबचं अंतर एकाच रागात दोनदा मोजायला मिळतं. पुढची मलहरीतली गीतं याच मेळातल्या स्वरांची, म्हणून नवा शब्द, नवा ताल आला तरी स्वर ओळखीचे राहतात. आणि तो नवा शब्द देवाचा असतो. इथे अध्यात्म धड्याला वरून लावलेलं नाही, ते धड्याच्या पायऱ्यांतच बसवलेलं आहे. त्याला समाजाची जोड आहे. पौष अमावास्येला पुरंदरदासांची आराधना होते आणि शिकाऊ मूल व मुरलेला गायक एकत्र बसून गातात. रामनवमीला शहरभर मंडप पडतात. चामराजपेटेतली श्रीराम सेवा मंडळी १९३९ पासून हा संगीतोत्सव करत आली आहे. शिकणाऱ्याला पंचांग असतं, ऐकणारे कान असतात, चूक पकडणारी आजी असते. यातलं काहीही अभ्यासक्रमाच्या कागदावर लिहिलेलं नसतं, तरी सगळं मिळून अभ्यासक्रमच असतो.

त्याच उपनगरातल्या चित्रकलेच्या वर्गाकडे वळलं की चित्र एकदम पातळ होतं. शहरी शाळांत आणि सुट्टीच्या दिवसांतल्या कार्यशाळांत वारली, मधुबनी, गोंड शिकवली जाते ती दोन तासांत. वारलीसाठी तपकिरी कागद, पांढरा रंग, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, मध्ये तारपा, भोवती फेर. मूल घरी जाताना एक नीटनेटकं चित्र घेऊन जातं आणि ‘वारली येते’ असं सांगतं. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात हे चित्र लग्नाच्या वेळी येतं. सवाष्णी तांदळाच्या पिठानं भिंतीवर लग्नचौक लिहितात, मधोमध पालघट देवी बसते, लग्नविधी सांगणारी धवलेरी गाते, आणि तो चौक झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. कार्यशाळेत यातलं काय उरलं? त्रिकोण उरले. संस्कृती शिकवली असा समज मात्र पक्का झाला, आणि हा समज न शिकवण्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण त्यानंतर मूल पुन्हा त्या दाराकडे वळत नाही.

शासकीय धोरणानं या पातळपणाला नियमाचं रूप दिलं. सीबीएसईनं २०२० मध्ये पहिली ते दहावीसाठी कला-समाकलित प्रकल्प आवश्यक केला आणि तो ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेतल्या जोडीच्या राज्याशी बांधला. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, कर्नाटकाची उत्तराखंडाशी. हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण परिणाम असा की बेंगळुरूतल्या मुलाला कुमाऊँच्या ऐपणचे नमुने इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागतात. ऐपण म्हणजे गेरूनं सारवलेल्या उंबऱ्यावर बायकांनी तांदळाच्या ओल्या पिठानं बोटांनी काढलेली रेघ. गेरू, तांदूळ, उंबरा आणि बोट या चारही गोष्टी वगळून ते स्केचपेननं चार्टपेपरवर उतरतं. आणि हे करणाऱ्या मुलाला स्वतःच्या राज्यातल्या, त्याच गेरू-तांदळाच्या चित्ताराचं नावही बहुधा ठाऊक नसतं.

चित्तारा जवळून पाहण्यासारखी आहे. शिवमोग्गा जिल्ह्यात सागरच्या आसपास राहणाऱ्या दीवरू समाजातल्या बायका ती काढतात. लाल मातीनं सारवलेली भिंत, तांदळाचा पांढरा, करपवलेल्या तांदळाचा काळा, गुरिगे नावाच्या बियांचा पिवळा. कुंचला पुंडीच्या, म्हणजे आपल्या अंबाडीच्या, तंतूंचा. हा तंतू लांब आणि लवचिक असतो. तो भिंतीवर टेकवून सरळ ओढला तर रेघ बारीक आणि नेमकी येते, आणि वळण घ्यायला गेलं तर तो हातातून निसटतो. म्हणूनच चित्तारा सरळ रेघांची, जाळीची, गणिती घडणीची आहे. त्या भिंतीपुढे नवरा-नवरी बसतात. अश्विन पौर्णिमेला, आपल्याकडे कोजागरीचं दूध आटतं त्याच दिवशी, मलनाडात भूमी हुण्णिमे असते: गरोदर मानलेल्या जमिनीचं डोहाळजेवण. त्यासाठी बांबूची टोपली सारवून तिच्यावर चित्तारा काढतात आणि तिच्यातून शेताला नैवेद्य नेतात. साधन, ऋतू, पीक, विधी आणि चित्राची भूमिती ही एकमेकांतून निघालेली आहेत. पुरंदरदासांच्या पहिल्या धड्यात जे घडतं, तेच इथे घडतं. फरक एवढाच की संगीताचा धडा खेड्यातून आणि देवळातून शहरात येताना आपली पद्धत बरोबर घेऊन आला. चित्रातून फक्त नक्षी आली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की विधीतून सुटल्यावरच लोकचित्र खऱ्या अर्थानं कला झालं, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे हे त्याचं उदाहरण. आक्षेप वजनदार आहे. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद घेऊन गेले, तेव्हा बायकांच्या या कलेत एक पुरुष उतरला, लग्नाशिवाय चित्रं काढू लागला आणि जगभर पोचला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहा. अख्खा कागद व्यापणारं ते जाळं, त्याचे हजारो बारीक डोळे, त्यातली ओढ. हे आठवणीतून काढायला जाळं हाताळलेलं असावं लागतं, पाण्याचा ताण माहीत असावा लागतो. मशे विधीतून बाहेर पडले, परिसरातून नाही. तेव्हा परंपरा गोठवून शिकवावी असा आग्रह इथे कुणी धरत नाही. आग्रह एवढाच आहे की मुलाला रेघेबरोबर तिला जन्म देणारी सवय मिळावी. पुढे ती मोडायची की नाही, ते मुलानं ठरवावं.

ही सवय शाळेत रुजू शकते हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलेलं आहे. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसमध्ये चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून नगर सजवलं. त्यांचे शिष्य देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. चित्र आणि मातीकाम हे तिथे सूतकताई, शेती आणि प्रार्थनेच्या बरोबरीचे होते. ती वाट रुंद झाली नाही. रुंद झाली ती चित्रकलेच्या शासकीय परीक्षांची: एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. या परीक्षांनी रेखाटनाची शिस्त घराघरात नेली, हे ऋण मान्यच करायला हवं. सीमाभागात तर त्या शिस्तीतून मोठी माणसं घडली, बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजप्यांसारखा चित्रकार तयार झाला. पण ‘स्मरणचित्र’ हा पेपर घ्या. मुलानं आपला परिसर आठवून काढावा, यापेक्षा चांगली कल्पना कुठली? प्रत्यक्षात बसथांबा, बाजार, गणपतीची मिरवणूक यांची ठरीव मांडणी पाठ करून येण्याचा तो पेपर झाला आहे. स्वतःच्या गल्लीतला बसथांबा कोणी काढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ज्या संगीतशिक्षणाचं उदाहरण दिलं, ते बऱ्याच अंशी एका जातीच्या अंगणात राहिलं. गायक टी. एम. कृष्णा यांनी हे उघडपणे मांडलं आणि चेन्नईच्या ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम या कोळीवस्तीत उत्सव सुरू करण्यात पुढाकार घेतला. समाज आणि अध्यात्म हे शब्द कलाशिक्षणात आणले की त्यांबरोबर सोवळं येतं, भेद येतो, ही भीती खरी आहे. पुरंदरदासांची गीतं म्हणणं मुस्लिम किंवा ख्रिस्ती घरातल्या मुलावर लादलं जाऊ नये, हेही उघड आहे. पण या दोषावर उपाय म्हणून कलेतून समाजच काढून टाकला तर उरतो तो फी भरणाऱ्यांचा वर्ग, आणि तो कमी भेद करणारा नसतो. दीवरू किंवा वारली बाई शाळेत शिक्षिका म्हणून आली तर पायरी उलटी होते: शिकवणारी ती, शिकणारं शहर. अध्यात्माचा अर्थही तेव्हा एका देवापुरता राहत नाही. हात धुऊन भिंतीपुढे बसणं, ठरल्या दिवशी काढणं, आपल्यापेक्षा मोठ्या कशासाठी तरी काढणं, हे कोणत्याही घरातल्या मुलाला करता येतं.

तिसरा प्रश्न इंदिरानगरापुरता फार खरा आहे: इथल्या मुलाचा परिसर कोणता? आई-वडील पुण्याचे, कोलकात्याचे किंवा कोचीचे, घर भाड्याचं, शाळा इंग्रजी. बिन्नमंगल, दूपनहळ्ळी, कोडिहळ्ळी ही गावं या वसाहतीच्या पोटात आहेत, पण मुलाच्या तोंडी असतो हंड्रेड फीट रोड. तरीही जागा बोलते. शेजारच्या डोमलूरच्या चोक्कनाथस्वामी मंदिरात तमिळ शिलालेख आहेत. त्यांत गावाचं नाव तोम्बलूर येतं, एका तळ्याचा उल्लेख येतो, आणि १२७० च्या एका लेखात दाराचे दोन खांब दान दिल्याची नोंद आहे. कानडी मुलखात, तमिळ भाषेत, होयसळांच्या अमदानीत. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिराला १६६९ मध्ये गाव दान दिलं ते शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी, आणि त्याचाही शिलालेख आहे. बाहेरून आलेल्यांनी या जागेशी नातं जोडलं ते असं, दगडावर नाव कोरून. आज बेंगळुरूची मिथिक सोसायटी ही संस्था शहरातल्या अशा शिलालेखांचं त्रिमितीय चित्रण करते आहे. चित्रकलेच्या शिक्षकाला याहून चांगलं साहित्य कुठे मिळणार? खांबावरच्या अक्षरांचे ठसे, त्या अक्षरांची वळणं, नोंदीतलं तळं नकाशावर शोधणं: अक्षरलेखन, रेखाटन आणि इतिहास एका शनिवारात होतात, आणि पुण्याहून आलेल्या मुलालाही कळतं की या जागेवर आपल्याआधी पुष्कळ लोक बाहेरूनच आले होते. सृष्टी या बेंगळुरूतल्या कलाशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ‘आर्ट इन ट्रान्झिट’ प्रकल्पात पीण्या आणि कब्बन पार्क मेट्रो स्थानकांवर केलेलं काम याच दिशेचं आहे. त्याची उणीव एवढीच की सत्र संपतं आणि मुलं निघून जातात. आराधना दरवर्षी येते, प्रकल्प येत नाही.

म्हणून चित्रकलेला आज नवा अभ्यासक्रम नको आहे, तिला सभा हवी आहे. पुरंदर भवन आहे म्हणून तिथल्या गुरूला पदवी विचारली जात नाही. श्रोत्यांनी आणि शिष्यांनी दिलेली मान्यता पुरते. चित्रकलेच्या बाबतीत अशी मान्यता देणारी जागा उपनगरांत नाही, म्हणून सगळा भार शाळेवर पडतो, आणि शाळेला पदविका लागते. सागरची चित्तारा काढणारी बाई किंवा तलासरीची सवाष्ण ती कुठून आणणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं स्थानिक कलावंतांना प्रशिक्षक म्हणून बोलावण्याची आणि शाळांत निवासी कलावंत ठेवण्याची तरतूद केली आहे. ती वापरायची तर तिला पाहुणी म्हणून एका तासासाठी आणून, शाल-श्रीफळ देऊन परत पाठवणं पुरणार नाही. तिला वर्षभराचा पगार हवा, सारवायला एक खरी भिंत हवी, जी अश्विनात पुसून पुन्हा लिहिली जाईल, आणि गेल्या वर्षी शिकलेली मुलं या वर्षी नव्यांना अंबाडीचा तंतू कसा ओढायचा ते दाखवायला हजर हवीत.