वझे यांचें शिल्पशास्त्र व इंजिनिअरांची परीक्षा

नाशिकचे कै. कृष्णाजी विनायक वझे पुण्यास इंजिनिअरिंग शिकले. अभ्यासक्रमांत एकहि हिंदी ग्रंथ नाहीं ही खंत त्यांस जन्मभर राहिली. पुढें संस्कृत वचनें धुंडाळून त्यांनीं धातु, साधन व वास्तु या तीन खंडांत दहा शास्त्रें मांडिलीं. श्रम मोठे, परंतु ‘अग्नियान’ या शब्दावरून विमानविद्येपर्यंत जाण्यास आम्ही तयार नाहीं.

विद्यार्थी परीक्षेपुरतें वाचतो, हें आम्ही वर्गांत पुष्कळ पाहिलें. इ. स. १९२० मध्यें स्थापन होऊन १९३५ सालीं राजसनद मिळालेल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ची परीक्षा सरकारनें पदवीतुल्य मानिली. नोकरी सांभाळून शिकणारे, कॉलेजची पायरी न चढतां, तिच्या बळावर इंजिनिअर झाले; हा उपकार थोडा नव्हे. पण जो प्रश्न काढतो तोच शिक्षण ठरवितो, आणि त्या प्रश्नपत्रिकांत वझ्यांच्या विषयास जागा कोठून असणार? पुढें ती तुल्यताहि मे २०१३ अखेर नांव नोंदविलेल्यांपुरतीच राखण्यांत आली. तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमांत परंपरागत ज्ञान सक्तीचें केलें खरें, पण श्रेयांक शून्य!

श्रेयांक मागण्यापूर्वीं वझ्यांचीं वचनें मूळ पोथ्यांशीं ताडलीं पाहिजेत. भृगुसंहितेच्या शिल्पभागाचीं पानें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं पाहावयास द्यावीं.