इमाम का बेशुद्ध पडले?

इस्तंबूलला दुकानदार-कारागिरांच्या खाणावळीला ‘एस्नाफ लोकांता’ म्हणतात. नाव ऐकूनच मी खूश झालो. एकांताचा मला पहिल्यापासून कंटाळाच!

इथे मेनूकार्डाशी झटापट नाही. काचेमागे पदार्थ मांडलेले असतात. हवा त्याच्याकडे बोट दाखवायचं. प्रवाशांच्या रस्त्यावर रंगीत फोटो पाहून फसलेल्या आम्हांला हा सचोटीचा व्यवहार वाटला. मात्र जावं दुपारीच. उशिरा गेलात तर रिकाम्या भांड्यांकडे बोट दाखवावं लागतं.

आम्ही ‘इमाम बायिल्दी’ घेतलं. अर्थ, ‘इमाम बेशुद्ध पडले’. वांग्यात कांदा, टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्हचं तेल सढळ हातानं. इमाम चवीनं पडले की तेलाचा खर्च ऐकून, यावर तिथेही दोन पक्ष आहेत.

पहिल्या घासाला हिनं निकाल दिला, “गार आहे. ना तिखट, ना गोडा मसाला. आपल्या भरल्या वांग्याची सर नाही.”

“अगं, हे गारच खायचं असतं.”

मसूरच्या सुपात लिंबू पिळून झालं, ताकासारखं आयरान झालं. मग पावानं ताटलीतलं तेल टिपता टिपता ही म्हणाली, “भरलं वांगं नाहीच हे. पण दुसरं काहीतरी चांगलं आहे.” परक्या अन्नावर याहून न्याय्य टीका मी वाचलेली नाही.

घरी परतल्यावर हिनं तो घाट घातला. मी तेलाची बाटली आणायला गेलो, किंमत ऐकली आणि त्या दोन पक्षांपैकी माझा कोणता, हे जागीच ठरलं.