भर उन्हातील पांढरा पक्षी

समुद्रकाठच्या पक्ष्यांची छायाचित्रे आजकाल दिनदर्शिकांतून व प्रदर्शनांतून पुष्कळ पाहावयास मिळतात. त्यांतील बहुसंख्य चित्रांविषयी एकच तक्रार आहे: त्यांत ऊन असते, पक्षी नसतो. वाळू चकाकते, पाणी चमचमते, आणि बगळ्याच्या जागी कात्रीने कापून चिकटविलेला पांढरा कागद दिसतो. पिसांची एक रेषाही उरलेली नसते. अशा चित्राला ‘लख्ख’ म्हणून दाद देण्याची रीत पडली आहे. ती सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोषाचे मूळ कॅमेऱ्यातील प्रकाशमापकावर ठेवलेल्या आंधळ्या विश्वासात आहे. हा साक्षीदार प्रामाणिक खरा. परंतु पुढ्यातील प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरूनच तो जबानी देतो. चौकट पांढऱ्या वाळूने भरली, तर तो प्रकाश कमी करावयास सांगतो आणि वाळू मळकट होते. काळ्या चिखलावर एकटाच बगळा असला, तर तो प्रकाश वाढवावयास सांगतो आणि बगळा जळतो. एकाच उन्हात, एकाच पक्ष्याविषयी दोन परस्परविरुद्ध जबान्या! म्हणून जुन्या जाणकारांनी खुद्द उन्हालाच प्रमाण मानले. निरभ्र उन्हात १०० संवेदनक्षमतेला एफ/१६ छिद्र आणि सेकंदाचा १२५ वा भाग, हा त्यांचा नियम. चपळ पक्ष्यासाठी तेच माप एफ/५.६ आणि सेकंदाचा १००० वा भाग असे होते. पक्षी शुभ्र असल्यास त्यातूनही सुमारे एक स्टॉप कमी करावा. ऊन पालटत नाही तोवर पार्श्वभूमी बदलली, तरी निर्णय बदलण्याचे कारण नाही.

अॅन्सेल अॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची जी पद्धत बसविली, तीत सर्वांत वरची पायरी कोऱ्या कागदाची आहे. पोत दिसणारा पांढरा रंग तिच्या खाली दोन-तीन पायऱ्यांवर राहतो. पिसांचे स्थान तेथेच. निगेटिव्हवर काम करणारा सावलीला जपत असे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात उलट आहे: सावली मागाहून उजळता येते, जळलेला पांढरा परत येत नाही. मंगेशीच्या दीपस्तंभाचे भर दुपारी घेतलेले चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा प्रत्यय असेल; मजले, कोनाडे सारे विरून जाते. पांढरा जपला तर सावली काळी पडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो किनाऱ्यावर फारसा टिकत नाही. कारण फिकी वाळू आणि पाणी खालून प्रकाश परतवून पक्ष्याचे पोट उजळतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न रचनेचा आहे. ऊन वरून पडते, त्यामुळे गोल वस्तूची पाठ उजळते, पोट काळवंडते, आणि त्यावरूनच डोळ्याला गोलाई कळते. चिखल्या, तुतवार यांची पाठ मातकट व पोट पांढरे असते. ऊन आणि रंग परस्परांना खोडून काढतात. पक्षी सपाट होऊन वाळूत मिसळतो. हे तत्त्व अॅबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली मांडले. तेव्हा माध्यान्हीचे ऊन पक्ष्याला लपविते, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्याला उघड करते. दोन्ही प्रकारची चित्रे खरी होऊ शकतात: पहिल्यात लपणे हाच विषय असावा, दुसऱ्यात आकार. माध्यान्हीच्या पक्ष्याला मागाहून उजळवून वाळूपासून ओढून काढणे मात्र खोटेपणाचे होय. तिरप्या उन्हात सूर्य पाठीशी घेऊन, पक्ष्याच्या डोळ्याइतके खाली वाकून आणि त्याच्या पुढ्यात मोकळी जागा ठेवून घेतलेले साधे चित्रही अधिक बोलते.

उडत्या थव्याच्या चित्रांना सध्या सर्वाधिक वाहवा मिळते. थवा आपण होऊन उडाला, तर गोष्ट वेगळी. परंतु पुष्कळदा तो धावून जाऊन उडविलेला असतो. यांतील अनेक पक्षी हिवाळ्यापुरते उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात. ओहोटीच्या मर्यादित वेळात चरून त्यांना परतीच्या प्रवासापुरती चरबी साठवावयाची असते. प्रत्येक भयाचे उड्डाण त्या शिदोरीतून खर्ची पडते. धाकाने मिळविलेला कबुलीजबाब न्यायालय ग्राह्य मानीत नाही. परीक्षकांनीही अशी चित्रे बाद ठरवावीत.

यापुढे असे चित्र समोर आले, की प्रथम पक्ष्याच्या छातीवरील पिसे पाहावीत. ती मोजता आली नाहीत तरी चालेल. ती आहेत, एवढे तरी दिसले पाहिजे.