परीकथांतील ख्रिस्ती मूल्ये : उच्चार आणि शेवट

मुलांवर ख्रिस्ती संस्कार करण्यासाठी युरोपीय परीकथांचा उपयोग करण्याची प्रथा जुनी आहे. कथेत देव, प्रार्थना, श्रद्धा हे शब्द आले की मूल्यही आलेच, असे या प्रथेत बहुधा गृहीत धरले जाते. सिंड्रेलाकथेच्या दोन संहिता शेजारी ठेवल्या की हे गृहीतक टिकत नाही.

ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ चा, सातवी व अखेरची आवृत्ती १८५७ ची. मधल्या काळात विल्हेल्म ग्रिम यांनी कथांवर सतत हात फिरवला आणि त्यांतील भक्तिभाव गडद केला. अखेरच्या संहितेत मरणासन्न आई मुलीला श्रद्धाळू आणि सद्गुणी राहण्यास सांगते. मुलगी रोज तीनदा तिच्या कबरीपाशी रडते, प्रार्थना करते. परंतु शेवटी कबुतरे सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. ही शिक्षा पहिल्या आवृत्तीत नाही; ती १८१९ मध्ये आली. म्हणजे ज्या संस्करणात भक्ती वाढली त्यातच सूडही वाढला, आणि नायिका त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

शार्ल पेरो यांची १६९७ मधील कथा मात्र निव्वळ दरबारी. तिच्या अखेरच्या दोन पद्यबोधांपैकी दुसरा तर, गुण असूनही पाठीराखा नसेल तर ते वाया, असे मिश्कीलपणे सुचवतो. (आपला ‘वशिला’ येथे चपखल बसावा.) तरीही हीच सिंड्रेला बहिणींना आलिंगन देऊन मनापासून क्षमा करते, राजवाड्यात ठेवून घेते, सरदारांशी त्यांचे विवाह लावते. शत्रूवरील प्रेमाचा पाठ शिकवायचा असेल, तर शिक्षकाने यांतली कोणती कथा निवडावी?

अँडरसनच्या ‘छोटी जलपरी’त (१८३७) प्रश्न अधिक अवघड होतो. राजपुत्रावर सुरी न चालवता जलपरी स्वतःचा अंत पत्करते. येथे मूल्य कृतीतच आहे. अमर आत्म्याची तिची ओढही खरी आहे. पण अखेरीस तिची तीनशे वर्षांची प्रतीक्षा बालवाचकांच्या वर्तनाशी जोडली जाते : गुणी मूल भेटले की मुदत घटते, खोडकर मुलापायी गाळलेल्या प्रत्येक अश्रूगणिक एक दिवस वाढतो. आत्मत्यागाच्या कथेला हे हिशेबाचे शेपूट निष्कारण चिकटले आहे, असे माझे मत आहे. १९८९ च्या डिस्नेपटाने ते छाटले, पण त्याबरोबर आत्म्याचा प्रश्न आणि नाकारलेली सुरीही गेली. तेथे राजपुत्र खलनायिकेला ठार करतो आणि लग्न होते.